वरून सगळं दिसायला लागलं, पण खालची खूण कुठे आहे? (भारतातली फोटोग्रामेट्री आणि रिमोट सेन्सिंग)

जुना_भूमापक (नागपूर)

दोन वर्षांपूर्वी कळमेश्वर तालुक्यातल्या एका नाल्याचं ड्रोन सर्वेक्षण माझ्याकडे तपासायला आलं. खोलीकरणाचं काम होतं. ऑर्थोफोटो (ड्रोनचे फोटो जोडून केलेलं मापाचं चित्र) इतका सुरेख, की काठावरच्या पळसाची सावलीसुद्धा रेखीव दिसत होती. पण उंचीचा छेद काढला तर अर्धा किलोमीटरभर पाणी चढावर चाललेलं! दोन किलोमीटरचा चिंचोळा पट्टा, ड्रोन सरळ खाली बघत एकदा गेला आणि परत आला, जमिनीवर नियंत्रण बिंदू (जागा आणि उंची आधीच मोजलेली खूण) एकही नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर लेन्सचा दोष जमिनीच्या माथी मारतं आणि सगळा पट्टा घुमटासारखा मधोमध फुगतो. आम्ही पुलाजवळ ऑटो लेव्हल (उंचीचा फरक मोजायची दुर्बीण) लावली, स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) धरला, आणि दुपारपर्यंत कळलं की मधला भाग सव्वा मीटरने उचलला गेलाय. पैसे कमी मिळणार म्हणून त्या मंडळींनी बिंदू घेतलेच नव्हते. खोदाई तशीच झाली असती तर पहिल्या मोठ्या पावसात कुणाच्या तरी वावरात पाणी साचलं असतं.

तेव्हापासून मनात आहे ते आज लिहितोय. आपल्या देशात वरून बघायची ताकद आता जगाच्या तोडीची झाली आहे. दुबळं आहे ते खालचं टोक: जमिनीवरची खूण, शेतात जाऊन केलेली पडताळणी, आणि चित्र वाचणारा शिकलेला डोळा.

फोटोग्रामेट्री म्हणजे एकाच जागेचे दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेले फोटो जुळवून लांबी, रुंदी, उंची काढणं. आमच्या वेळी हवाई फोटो २३ सेंटिमीटर चौरस असायचे, एकात दुसऱ्याचा साठ टक्के भाग आलेला. आरशाच्या स्टिरिओस्कोपखाली जोडी ठेवायची आणि उजवा फोटो केसभर सरकवत राहायचं. डोळे ताणले जातात, कपाळ दुखतं, आणि एका क्षणी सपाट कागदातून टेकडी वर उठते. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी दचकून मान मागे घेतली होती. ते फोटो कुलपात असायचे, कपाटाची किल्ली साहेबांकडे, वहीत सही केल्याशिवाय एकही बाहेर येत नसे.

या विद्येची मुळं आपल्याकडे जुनी आहेत. डेहराडूनला १९६६ साली डच संस्थेच्या मदतीने फोटो-इंटरप्रिटेशनची (हवाई फोटो वाचण्याची) संस्था उभी राहिली, तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे आयआयआरएस. १९६९ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी आपली सोसायटी काढली, आणि तिच्या नियतकालिकाला नाव दिलं 'फोटोनिर्वाचक'. किती छान शब्द! निर्वचन म्हणजे अर्थ लावणं. फोटो काढणाऱ्यापेक्षा तो वाचणाऱ्याला मान देणारं नाव. १९७० मध्ये प्रा. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फोटो घेऊन नारळाच्या मूळकुज रोगाचा माग काढला. भारतातल्या रिमोट सेन्सिंगची, म्हणजे लांबून बघून जमीन वाचण्याची, सुरुवात अशी शेतकऱ्याच्या झाडापासून झाली, हे विसरता कामा नये.

पुढचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. हैदराबादची एनआरएसए ही राष्ट्रीय रिमोट सेन्सिंग संस्था १९७४ ची, २००८ पासून ती इस्रोची एनआरएससी झाली. १९७९ चा भास्कर-१ उपग्रह. १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून गेलेला आयआरएस-१ए, त्याचा एक पिक्सेल (चित्रातला सर्वांत छोटा चौकोन) ७२.५ मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून मोठा. डिसेंबर १९९५ मध्ये आयआरएस-१सी गेला आणि पिक्सेल ५.८ मीटरवर आला. नागरी उपग्रहांमधली त्या काळातली जगातली सर्वांत बारीक चित्रं काही वर्षं आपल्याकडे होती. ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ गेला, ज्याचे दोन कॅमेरे एक पुढे आणि एक मागे बघायचे. माझा स्टिरिओस्कोप जणू सहाशे किलोमीटरवर जाऊन बसला! त्याच्यावरून देशाचं ३० मीटरचं उंचीचं प्रतिमान तयार झालं, ते इस्रोच्या भुवन पोर्टलवर कुणालाही फुकट मिळतं. २०१९ च्या कार्टोसॅट-३ ला पाव मीटरची वस्तू कळते.

आणि हे सगळं आपल्या नागपूरपासून दूर नाही. व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक हे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र आहे, १९८८ पासून. एनआरएससीचं मध्य विभागाचं केंद्र इथेच. मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडवर, सेमिनरी हिल्सला जीएसआय (भूवैज्ञानिक सर्वेक्षण), सिव्हिल लाइन्सला भारतीय खाण ब्युरो. त्याही आधी, अख्ख्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वीस वर्षं जड थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) वाहून नेत एकेक खूण पक्की करत आलेला माणूस. इतकं सगळं दाराशी असताना आपल्या गावातल्या मोजणीचे वाद का मिटत नाहीत, यावर जाणकारांनी मनापासून लिहावं.

---

संत्र्याची_बाग (काटोल)

भाऊ, तुमचं लिखाण वाचून राहायलं नाही म्हणून लिहून राहिलो. माझी चार एकर संत्रा हाय अन् तीन एकरात सोयाबीन, त्यात तुरीचं तास. मागच्या साली पावसानं सोयाबीनच्या शेंगा जागेवर काळ्या पडल्या. विम्याचा माणूस म्हणे, सॅटेलाइटमंधी तुमच्या मंडळात हिरवंच दिसते. आता हिरवं दिसते म्हणजे दाना भरला का? संत्र्याची गळ झाली तेव्हा बी तसंच. झाड हिरवं, खाली सडा पडेल. हे वरून दिसते का नाही, एकदा खरं सांगा.

---

जुना_भूमापक

दादा, खरं तेच सांगतो. फळगळ उपग्रहाला दिसत नाही. संत्र्याची लागवड तुमच्याकडे बहुधा सहा बाय सहा मीटरवर असेल. म्हणजे आपल्या उपग्रहावरच्या लिस-४ या ५.८ मीटर पिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात एका झाडाच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो, आणि त्यातही पानं, सावली, खालची काळी माती आणि तण एकत्र मिसळतात. बाग आहे की नाही, वाळत चालली आहे का, डिंक्या रोगाने झाडं पिवळी पडली का, हे कळू शकतं. खाली पडलेला आंबिया बहार नाही कळत. तसाही संत्र्याचा विमा हवामानावर आधारित आहे, तो मंडळातल्या हवामान केंद्राच्या पाऊस-तापमानावर ठरतो. तुमच्या बागेवर धो-धो पाऊस आणि केंद्रावर कोरडं, तर तिथे उपग्रहाचा दोष नाही. ते केंद्र तुमच्या बागेपासून किती लांब आहे, हा प्रश्न आहे.

सोयाबीनचं वेगळं. २०२३ च्या खरिपापासून पीक विमा योजनेत उत्पादनाच्या अंदाजाला तंत्रज्ञानाची जोड दिली, आधी धान आणि गव्हासाठी, मग सोयाबीनसाठी. त्यात निदान तीस टक्के भार तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनाला असतो, बाकी पीक कापणी प्रयोगाला. अडचण ही, की सोयाबीन शंभर दिवसांचं पीक, आणि त्यातले साठ-सत्तर दिवस आपल्या विदर्भावर ढग. साधा कॅमेरा ढगाची पाठ बघून परत जातो. ज्या आठवड्यात शेंगा काळ्या पडतात, नेमक्या त्याच आठवड्याचं चित्र नसतं. मग आधीचं हिरवं आणि नंतरचं काढलेलं रान, यांच्यामधलं गणिताने भरून काढतात. आणि तुरीचं तास असलं की सोयाबीन मेलं तरी तूर हिरवी राहते, पिक्सेल हिरवाच सांगतो. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

यावर उपाय रडारचा. रडार स्वतःची लहर सोडतं, ती ढगातून आरपार जाते. २०२२ चा ईओएस-०४ हा आपला रडार उपग्रह आहे. १८ मे २०२५ ला ईओएस-०९ हा आणखी एक रडार उपग्रह पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने गमावला, त्या सकाळी मला घास गेला नाही. पण ३० जुलै २०२५ ला निसार गेला, इस्रो आणि नासाचा मिळून. बारा मीटरचा जाळीचा अँटेना, दर बारा दिवसांनी तीच जागा, ढग असो वा रात्र. पीक किती उभं आहे, जमिनीत ओल किती, पाणी साचलं का, हे त्याला कळेल. मात्र रडारचा आकडा म्हणजे काय हे ठरवायला कुणीतरी त्या दिवशी तुमच्या वावरात उभं राहून लिहून घेतलं पाहिजे: शेंग भरली होती का, ओल किती होती. ते लिहिणारा माणूस कुठे आहे, हाच माझा मूळ प्रश्न.

---

नकाशावेडी

काका, मी भूगोलात एमएस्सी करतेय. आम्हाला स्टिरिओस्कोप फक्त काचेच्या कपाटात दाखवला! प्रॅक्टिकलला सगळे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं वापरतात, कारण दर पाच दिवसांनी चित्र, पिक्सेल १० मीटर, आणि डाउनलोडला काही अडचण नाही. आपल्या इस्रोची चित्रं वापरायची मनापासून इच्छा असते. २०२३ च्या अंतराळ धोरणात ५ मीटर आणि त्याहून जाड चित्रं मोफत म्हटलंय, इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर मीही खातं उघडलंय. पण युरोपची चित्रं थेट प्रोग्राममध्ये ओढता येतात, त्यावर शेकडो धडे लिहिलेले आहेत. आपल्या चित्रांवर मराठीत तर सोडाच, हिंदीतसुद्धा शोधावं लागतं. आयआयआरएसचे ऑनलाइन मोफत कोर्स मात्र फार चांगले आहेत, मी तीन केले. हे शिकून नागपुरात काम मिळेल का? आणि स्टिरिओ बघायला शिकण्यात आता अर्थ आहे का?

---

ओबी_मोजणारा (उमरेड)

नकाशावेडी ताई, काम आहे. मी आधी कोळशाच्या खुल्या खाणीत होतो, आता मॅंगनीजच्या. पूर्वी महिनाअखेरीला ओबीचा ढीग, म्हणजे कोळशावरची काढलेली माती-दगड, टोटल स्टेशनने (कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचो. चार माणसं, मे महिन्याचं ऊन, ढिगाच्या कडेवर प्रिझम धरून उभा हेल्पर. पायाखालची माती सुटायची. आता ड्रोन पंचवीस मिनिटांत करतो आणि कुणाला कडेवर चढावं लागत नाही. माझ्यासाठी तंत्रज्ञानाची सगळ्यांत मोठी कमाई हीच.

शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून खाण नियमांतच आलं. कोळसा सोडून बाकी मुख्य खनिजांच्या खाणींमध्ये वर्षाला दहा लाख टन किंवा जास्त उत्खनन, किंवा ५० हेक्टर किंवा जास्त क्षेत्र असेल, तर दरवर्षी ड्रोनची चित्रं खाण ब्युरोला द्यायची, तीही हद्दीबाहेर शंभर मीटरपर्यंतची. बाकीच्यांनी उपग्रहाची. त्याआधी २०१६ पासून खाणपट्ट्याभोवतीच्या ५०० मीटरांत बेकायदा उत्खनन होतंय का, हे उपग्रहावरून बघायची यंत्रणा आहेच.

पण जुना_भूमापक काकांचं म्हणणं मी रोज भोगतो. सम्पमध्ये (खाणीच्या तळाशी पाण्यासाठी केलेल्या खड्ड्यात) साचलेलं पाणी सॉफ्टवेअरला जुळत नाही, तिथे खड्डा तरी दाखवतं नाहीतर डोंगर. काळ्या दगडाची उभी भिंत सावलीत असली की तेच. आकडा आला की त्यावर सही करायची घाई सगळ्यांना. मी हट्टाने दर वेळी पाच-सहा बिंदू वेगळे मोजतो, सॉफ्टवेअरला न सांगता, आणि मग ताडून बघतो.

नागपूर शहराजवळ उडवणार असाल तर आधी परवानगीचा नकाशा बघा. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक, त्याच्या आत परवानगी लागते, आणि वायुसेनेच्या बाजूला जायचंच नाही.

---

तिरपी_नजर

मी मूळचा धरमपेठचा, आता बंगळुरूत याच क्षेत्रात सॉफ्टवेअर लिहितो. काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मतभेद मांडतो.

जमिनीवर बिंदू मारत फिरायचा काळ संपत आलाय. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर हजारावर कॉर्स स्थानकं (उपग्रहांवरून अचूक जागा ठरवायला सतत चालू असलेले स्थिर रिसीव्हर) उभी केली आहेत. त्यांच्या आधाराने ड्रोनवरचा रिसीव्हर प्रत्येक फोटोची जागा काही सेंटिमीटरांत सांगतो. गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, तिच्यात लाखो गावांची गावठाणं ड्रोनने मोजली गेली. प्रत्येक गावात दहा-दहा बिंदू मारत बसलो असतो तर पन्नास वर्षं लागली असती. खरा अडथळा इतकी वर्षं धोरणाचा होता. स्वतःच्या देशाचा नकाशा बनवायला परवानग्यांचे कागद फिरवावे लागत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना ते मोकळं केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. माझ्या पिढीला ही दारं उघडलेली मिळाली. आम्ही घाई करतो कारण खूप काही करायचं राहून गेलंय.

---

जुना_भूमापक

तिरपी_नजर, तुमचं निम्मं मान्य, आणि आनंदाने मान्य. तुम्ही म्हणता तसे नियंत्रण बिंदू आता कमी लागतात. पण तपासणी बिंदू? ओबी_मोजणारा सॉफ्टवेअरला न सांगता वेगळे मोजून ताडतात ते. रिसीव्हर कितीही चांगला असला तरी कॅमेऱ्याचं नाभीय अंतर उन्हात बदललं, तर सगळं प्रतिमान आडवं बरोबर आणि उभं चूक असं होतं. ते सॉफ्टवेअरच्या अहवालात दिसत नाही, कारण अहवाल स्वतःशीच जुळलेला असतो.

आणि उंचीचं अजून एक. रिसीव्हर जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी, आपल्या भागात दोन्हींत पन्नास मीटरपेक्षा जास्त फरक आहे, आणि तो गावागणिक थोडा थोडा बदलतो. पाणी समुद्रसपाटीच्या हिशोबाने वाहतं. हा बदल नीट न करता दोन गावांची सर्वेक्षणं जोडली, की कालव्याचा उतार बिघडतो.

स्वामित्वचंच घ्या. आपल्या राज्याने आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग केला होता. तिथे यशाचं कारण काय? उड्डाणाच्या आदल्या दिवशी भूमी अभिलेखचे लोक आणि गावकरी मिळून प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. ड्रोनला दिसते ती ती रेघ. ती ओढताना दोन भावांनी समोर उभं राहून 'हो, इथपर्यंत' म्हटलेलं असतं. त्या रेघेशिवाय ड्रोनच्या फोटोत फक्त पत्रे आणि कौलं दिसतील, मालकी नाही.

नकाशावेडी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. स्टिरिओ जरूर शीक. यंत्र जुळवणी करेल, पण झाडाच्या शेंड्याला जमीन समजलं की गवताला, हे ओळखायला तुझा डोळा लागेल.

---

वनवाट (गडचिरोली)

मी वनक्षेत्रात फिरते म्हणून एक मुद्दा. वन सर्वेक्षणाचा अहवाल १९८७ पासून दर दोन वर्षांनी येतो. त्यात वनआवरण म्हणजे एक हेक्टर किंवा मोठी, दहा टक्के किंवा जास्त छत्र असलेली झाडांची कुठलीही जागा, मालक कुणीही असो. म्हणजे काटोलच्या दादांची संत्र्याची बाग आणि आमच्याकडचा सागाचा जुना पट्टा एकाच रकान्यात बसू शकतात. २३.५ मीटरच्या पिक्सेलला दोन्ही हिरवेच. आकडा वाढला म्हणून जंगल वाढलं असं नाही, हे पायी फिरणाऱ्याला कळतं.

आगीच्या इशाऱ्यांनी मात्र आमचं काम खरंच सोपं केलंय. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाचोळा जाळतात, ती आग पसरते. उपग्रहाने टिपलेला ठिपका मोबाइलवर येतो आणि वनरक्षक निघतो. पण ३७५ मीटरच्या पिक्सेलमध्ये आग नेमकी नाल्याच्या कुठल्या बाजूला, हे गावातला माणूसच सांगतो.

---

नागनदीकाठ

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या घरात कमरेएवढं पाणी. आईला पहिल्या मजल्यावर उचलून नेलं तो क्षण आजही झोपेत येतो. नंतर मी स्वतः भुवनवरून ते ३० मीटरचं उंचीचं प्रतिमान उतरवून बघितलं. त्यात नाग नदीचं आमच्या भागातलं पात्र धड दिसतच नाही. पात्रच तीस मीटरपेक्षा अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती, आणि उंचीत काही मीटरांची चूक धरावीच लागते. पूर तर दोन फुटांच्या फरकाने एका घरात शिरतो आणि दुसऱ्यात नाही.

राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत सपाट भागासाठी २५ सेंटिमीटर अचूकतेचं उंचीचं प्रतिमान करायचं लिहिलंय. १८ फेब्रुवारी २०२५ ला 'नक्शा' कार्यक्रमही सुरू झाला, १५२ शहरांत वरून सरळ किंवा तिरपे फोटो, आणि काही ठिकाणी लायडारने (लेझरने उंची मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी. माझी कळकळीची मागणी एवढीच, की हे प्रतिमान झालं की ते नागरिकांना बघायला मिळावं. कर आकारणीसाठी घराचं क्षेत्रफळ कळायला हवं तसं, पाणी कुठून येईल हेही आम्हाला कळायला हवं.

---

तिरपी_नजर

नागनदीकाठ, तुमचं वाचून थांबलो. मी त्याच परिसरात वाढलो. तुमच्या वस्तीत पाणी भिंतींवर कुठवर चढलं होतं, त्या खुणा अजून असतील तर आपण मोजू. नदीच्या दोन्ही काठांवरची तीस-चाळीस घरं पुरे. उंचीचं प्रतिमान येईल तेव्हा त्याची तपासणी करायला तीच सगळ्यांत विश्वासाची नोंद ठरेल. दिवाळीत नागपुरात आहे, रिसीव्हर घेऊन येतो. काका, लेव्हल तुमची.

---

जुना_भूमापक

येतो. नकाशावेडी, तूही ये. स्टाफ धरायला माणूस लागतो, आणि स्टिरिओस्कोप त्याच दिवशी तुझ्या हवाली करतो, माझ्याकडे कपाटात पडून आहे.

काटोलचे दादा, तुमच्याकडे रविवारी आलो तर चालेल का? निसारच्या फेरीच्या दिवशी काय काय लिहून ठेवायचं, याची एक वही करून देतो. दर बारा दिवसांनी एक पान. वावराच्या चारी कोपऱ्यांच्या खुणा मात्र आधी पक्क्या लागतील.

---

संत्र्याची_बाग (काटोल)

या ना भाऊ, जेवाले घरीच या. तीन कोपरे पक्के हायेत. चवथ्या कोपऱ्याचा दगड नाल्याच्या बाजूनं बोरीखाली गाडल्या गेला, आबांनी मले लहानपणी दाखवला होता. शनिवारी मी अन् शेजारचा मिळून तो उकरून ठेवतो, म्हणजे त्याच्यासमोरच मोजणं होईन. चुना आनून ठेवू का?